शत्रूची खबर आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सव आहे, काहीतरी हलकंफुलकं बोला, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. पण संध्याकाळी आपल्या बाकावर बसणाऱ्या मंडळींत गेले काही दिवस एकच वाद सुरू आहे. शत्रुराष्ट्रात आपल्या सरकारने हेर पाठवावेत की नाही? एक पक्ष म्हणतो, "राजेहो, यात विचारायचं काय? पाठवायलाच पाहिजे." दुसरा पक्ष म्हणतो, "त्यांनी पाठवला तर पाप आणि आपण पाठवला तर पराक्रम, हे कसं काय?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाठवावेत. पण पाठवणाऱ्याने त्याचा हिशोबही ठेवावा. उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे याही प्रश्नाकडे मी त्याच नजरेने पाहतो.

आपल्याला हेरगिरी काही नवी नाही. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांचं नाव इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, त्याआधी बहिर्जींनी तिथली बित्तंबातमी आणली होती. सभासदाच्या बखरीतही त्यांचा उल्लेख येतो. शत्रूचं बळ किती, पैसा कुठे, वाट कोणती, हे ठाऊक नसताना इतक्या दूरच्या शहरावर चाल करणं म्हणजे आपलीच माणसं मारून घेणं होतं. खबर असली की रक्त कमी सांडतं. हेरगिरीच्या बाजूने माझा पहिला मुद्दा हाच.

दुसरा मुद्दा बँकेतला. आपल्या एम.आय.डी.सी.तल्या कारखान्याला कर्ज दिलं, की दर महिन्याला मालाचं स्टॉक स्टेटमेंट येतं. त्यावर सही असते, शिक्का असतो. तरीपण बँकेचा माणूस न सांगता गोडाऊनवर जातो आणि पोती मोजतो. म्हणजे कर्जदार चोर आहे असं नाही. पण ठेवीदारांचा पैसा नुसत्या कागदाच्या भरवशावर ठेवता येत नाही.

देशांचंही तसंच आहे. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९८८ साली तसा करार झाला आणि १९९२ पासून यादीची देवाणघेवाण सुरू आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, यासाठी ही व्यवस्था. फार चांगली गोष्ट आहे. पण यादी देणाराही तोच, लिहिणाराही तोच. गोडाऊन कोणीतरी पाहायला नको का?

गोडाऊन पाहायचं राहिलं की काय होतं, ते १९९९ साली कारगिलमध्ये दिसलं. घुसखोर शिखरांवर येऊन बसले, तरी आपल्याला वेळेवर पत्ता लागला नाही. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि गुप्तवार्ता यंत्रणेतल्या उणिवा तिने स्पष्टपणे मांडल्या. त्या युद्धात आपले ५२७ जवान शहीद झाले. कामठीचं सैनिकी केंद्र आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांतली मुलं फौजेत आहेत. त्या घरांना 'उणीव' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्याच युद्धाची दुसरी बाजूही पाहा. घुसखोर हे आमचे सैनिक नाहीत, असं पाकिस्तान सांगत होता. तेव्हा त्यांचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीतल्या आपल्या अधिकाऱ्याशी फोनवर बोलत होते. आपल्या यंत्रणेने ते संभाषण पकडलं आणि जून १९९९ मध्ये सरकारने ते जगासमोर ठेवलं. एकही गोळी न झाडता खोटं उघडं पडलं. याला वाईट कसं म्हणायचं?

आता बाकावरच्या दुसऱ्या पक्षाचा प्रश्न. त्यांनी पाठवला तर पाप का? माझं म्हणणं, ते पापही नाही आणि पुण्यही नाही. शांततेच्या काळात हेरगिरीला सरसकट बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार नाही. मात्र पकडलेल्या हेराला शिक्षा करायचा अधिकार प्रत्येक देश राखून ठेवतो. आपल्याकडेही १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. म्हणजे जोखीम सगळी त्या एका माणसाच्या डोक्यावर. पकडला गेला की पाठवणारा म्हणतो, आमचा नाही. माझी खरी अडचण इथे सुरू होते.

कुलभूषण जाधव यांचं प्रकरण आपण सर्वांनी पेपरात वाचलं आहे. मराठी कुटुंबातला, नौदलातून निवृत्त झालेला अधिकारी. २०१६ मध्ये पाकिस्तानने त्यांना हेर म्हणून पकडल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारताची भूमिका अशी, की ते हेर नाहीत, इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांचं अपहरण झालं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आपली बाजू मांडली ती हरीश साळवे यांनी. ते आपल्या नागपूरचे, नागपूर विद्यापीठातच कायदा शिकलेले. त्यांनी फी घेतली १ रुपया.

१७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला, १५ विरुद्ध १. न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही, पण शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, असं पाकिस्तानला सांगितलं. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून तो हक्क जात नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. हे आपण मागितलं आणि मिळवलं. मग उद्या तिकडचा माणूस आपल्याकडे याच आरोपाखाली सापडला, तर त्यालाही ते नाकारता येणार नाही. दिल्लीत वेगळं आणि हेगला वेगळं, असं चालायचं नाही.

दुसरं प्रकरण राजस्थानातल्या एका टपाल कर्मचाऱ्याचं. त्याचं म्हणणं असं, की आपल्याच गुप्तचर खात्याने त्याला पाकिस्तानात पाठवलं. १९७६ मध्ये तो तिथे पकडला गेला आणि अनेक वर्षं तुरुंगात राहिला. इकडे गैरहजर राहिला म्हणून नोकरी गेली. परत आल्यावर सरकारी पक्षाने संबंधच नाकारला. सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने त्याला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तोवर त्याचं वय पंचाहत्तरीच्या घरात गेलं होतं. माझ्या वयाच्या माणसांनी याचा विचार करून पाहावा. १० लाख ही रक्कम आहे. आयुष्य परत मिळालं असं नाही.

बँकेच्या ताळेबंदात 'संभाव्य देणी' नावाचं एक सदर असतं. आपण कोणासाठी गॅरंटी दिली, तर पैसे लगेच जात नाहीत, म्हणून ती रक्कम मुख्य आकड्यांत दिसत नाही. पण खाली लिहावीच लागते. लपवली तर तो ताळेबंद खोटा. सरकारने पाठवलेला प्रत्येक माणूस हे असंच देणं आहे. त्याचं नाव जाहीर करू नका, कबूल. पण कुठेतरी बंद फाईलमध्ये ते लिहिलेलं असावं. त्याच्या घरी दरमहा पगार जावा, मुलांच्या शाळेची फी भरली जावी आणि तो परत आला तर त्याला वकील करावा लागू नये.

आणि ही फाईल तपासणाराही कोणी असावा. आपली 'रॉ' ही संस्था १९६८ पासून आहे, पण तिच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. ब्रिटनने आपल्या परदेशी गुप्तचर खात्यासाठी १९९४ मध्ये कायदा केला आणि खासदारांच्या समितीची देखरेख आणली. त्यामुळे त्यांचं खातं काही बंद पडलं नाही. बँकेतही ऑडिट असतंच, म्हणून कोणी कर्ज देणं थांबवत नाही.

देखरेख हवी याला आणखी एक कारण आहे. आपण गेटवर कॅमेरे बसवले, तेव्हा सर्वसाधारण सभेत काय ठरवलं? कॅमेरा रस्त्याकडे राहील, कोणाच्या बाल्कनीकडे नाही. देशाचं गेटही तसंच सांभाळायचं असतं. शत्रूवर ठेवायची नजर आपल्याच नागरिकांकडे वळली, तर ती राखण राहत नाही.

तरुण मंडळींना एकच सांगतो. दर १ जानेवारीला पेपरात अणुकेंद्रांच्या यादीची बातमी येते. त्याच दिवशी दोन्ही देश आणखी एक यादी देतात, एकमेकांच्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांची. १ जुलैला ती पुन्हा देतात. पहिल्या यादीवर चर्चा खूप होते. दुसरी बातमी चार ओळींची असते. तीही वाचत जा. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरची वाट पाहणारी आई आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र!