‘बरी झाली’ म्हणजे काय?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



स्तनांच्या कर्करोगावरील शेवटचे इंजेक्शन संपते, किरणोपचाराची शेवटची पाळी होते आणि घरात पेढे आणले जातात. ‘सुटली एकदाची’ असे शेजारीपाजारी म्हणतात. डोक्यावर केस पुन्हा दिसू लागतात, चेहऱ्यावर तजेला येतो आणि ती स्त्री बरी झाली असा निर्णय जग देऊन टाकते. त्या निर्णयावर तिचे मत मात्र कोणी विचारीत नाही.

समजा, ती पतपेढीत कारकून आहे. पूर्वी खातेवहीतील रकान्याची बेरीज ती बोलता बोलता करी. आता तीच बेरीज तीनदा करते आणि तिन्ही वेळा निराळी येते. समोर उभ्या असलेल्या खातेदाराचे नाव जिभेवर असते, पण ओठांवर येत नाही. स्वयंपाकघरात गेल्यावर कशासाठी आलो हे आठवत नाही. दुपारी असा थकवा येतो की हात उचलणे जड जावे आणि रात्रभर झोपूनही तो सकाळी तिच्याबरोबरच उठतो. घरचे म्हणतात, ‘आता रिपोर्ट चांगले आहेत, मनाने उभारी धर.’ वरिष्ठ म्हणतात, ‘हल्ली लक्ष नसते.’ आणि ती स्वतःशी म्हणते, ‘आपल्याला वेड तर लागत नाही ना?’

या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. नाही, हे वेड नव्हे; आळस नव्हे आणि ढोंग तर मुळीच नव्हे. केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांच्या आकलनशक्तीवर परिणाम होत असल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत 1980 सालीच झाली होती. 2017 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनांचा कर्करोग झालेल्या 581 स्त्रिया आणि तो नसलेल्या 364 स्त्रिया यांची तुलना करण्यात आली. केमोथेरपी संपून सहा महिने झाल्यावरही पहिल्या गटातील 36.5 टक्के स्त्रियांनी विचारशक्तीत लक्षणीय घट झाल्याचे सांगितले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 13.6 टक्के होते. म्हणजे पतपेढीतील ती कारकून एकटी नाही.

याचे कारण एकच एक नाही. औषधांचा परिणाम असतो, किरणोपचाराचा असतो. अकाली आलेल्या रजोनिवृत्तीचा असतो. काही स्त्रियांना पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागणाऱ्या संप्रेरकविरोधी गोळ्यांचाही असतो. त्यात रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, तुटक झोप, वेदना, खिन्नता आणि रोग उलटण्याची भीती यांची भर पडते. काही रुग्णांत तर केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच हा परिणाम दिसून आला आहे. बहुतेकींची स्थिती काळाबरोबर सुधारते. काहींना मात्र वर्षानुवर्षे त्रास होतो. म्हणूनच पहिले काम म्हणजे हे डॉक्टरांना सांगणे. ‘एवढे चालायचेच’ म्हणून गप्प बसू नये. हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घेतले, झोप आणि खिन्नता यांची चौकशी झाली, तर थकव्याचा एक भाग पुष्कळदा उपचाराने दूर होऊ शकतो. एकाएकी हातपाय लुळे पडणे, तीव्र डोकेदुखी, फीट किंवा बोलण्यातील गोंधळ ही लक्षणे दिसली, तर मात्र दिवस मोजीत न बसता रुग्णालय गाठावे.

दुसरे काम थोडे विपरीत वाटेल. हा थकवा केवळ विश्रांतीने जात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालणे आणि ते हळूहळू वाढवीत नेणे, हा त्यावरील सर्वांत चांगला पुरावा असलेल्या उपायांपैकी एक आहे. आरंभी दहा मिनिटेही पुरेत. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. जड कामे दिवसाच्या ज्या प्रहरात डोके स्वच्छ असते तेव्हा करावीत. एका वेळी एकच काम हाती घ्यावे. वही जवळ ठेवून सारे टिपून ठेवावे. औषधे, चाव्या, चष्मा यांच्या जागा ठरवून टाकाव्यात. वही ठेवण्यात कमीपणा नाही. उत्तम स्मरणशक्तीचे चिटणीसही सभेचे इतिवृत्त लिहूनच ठेवतात.

पण प्रश्न असा की, हे सारे करायला सवड कोणाला आहे? चालायला अर्धा तास हवा, तर त्या अर्ध्या तासात पाणी कोणी भरायचे? ‘विश्रांती घे’ असे सांगणाऱ्या घरात भाकऱ्या कोणी थापायच्या? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने डोके स्वच्छ असलेला प्रहर निवडायचा म्हणजे काय करायचे? येथे हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. थकवा शरीरात असतो हे खरे. पण तो किती काळ आणि किती एकटीने सोसायचा, हे घरातील कामाची वाटणी आणि कामाच्या ठिकाणचे नियम ठरवतात.

भारतात 2022 या एका वर्षात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. वेळेवर निदान झालेल्या अनेक स्त्रिया आज वाचतात, ही मोठीच कमाई आहे. पण वाचल्यानंतर काय, याची तरतूद कोठे आहे? ई. एस. आय. योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारासाठी, ठरावीक अटी पूर्ण झाल्यास, वेतनाच्या 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव आजारलाभ मिळू शकतो. अनेक कामगार स्त्रियांना तो माहीतही नसतो. घरकामगार, शेतमजूर, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका यांतील बहुतेकींना तर ही योजनाच लागू होत नाही. सरकारी आरोग्य योजनेतून रुग्णालयाचा खर्च निघेल. बुडालेली मजुरी निघत नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व नोंदले आहे, त्यात कर्करोग नाही. ब्रिटनमध्ये 2010 च्या समता कायद्यानुसार कर्करोगाचे निदान झाल्या दिवसापासून त्या व्यक्तीला दिव्यांग म्हणून संरक्षण मिळते आणि मालकाला कामात वाजवी सवलती द्याव्या लागतात. तशी मागणी येथे करण्यात अतिरेक कोणता?

कामगार संघटनांना उद्यापासून करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. उपचारानंतर कामावर परतणाऱ्या स्त्रीला पहिले काही महिने कमी तास, मधली विश्रांती, लेखी सूचना आणि शक्य तेथे बैठे काम मिळावे, असे कलम मालकांशी होणाऱ्या करारात घालता येईल. ई. एस. आय.चे अर्ज भरून देण्यासाठी प्रत्येक शाखेत एक जाणती व्यक्ती नेमता येईल. या दोन्ही गोष्टींना मोर्चाची गरज नाही. लक्ष देण्याची आहे.

आणि शेवटी कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या वर्तनाविषयी. उपचार घेऊन समितीत परतलेल्या सहकारी स्त्रीशी दोन प्रकारांनी अन्याय होतो. एक, काहीच झाले नाही असे धरून जुना सगळा भार तिच्यावर टाकला जातो. दुसरा, अधिक सभ्य: ‘तिला त्रास नको’ म्हणून हळूच तिचे काम दुसऱ्याकडे दिले जाते आणि तिला ते बैठकीच्या पत्रिकेतून कळते. दोन्ही वेळा तिला विचारलेले नसते. काय झेपेल, केव्हा झेपेल, हे तिलाच विचारावे. बोलताना ती शब्दासाठी अडखळली, तर तो शब्द घाईने तिच्या तोंडात घालू नये. थोडे थांबावे. शब्द येतो.