वसाहत म्हटली की बाळंतपण आलं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून एक प्रश्न आला. पोटगी, रेशन, दारू हे सगळं बाजूला ठेवून आता परग्रहावरच्या वसाहतींची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, काही श्रीमंत माणसं आणि कंपन्या उद्याच्या वसाहतींचे आराखडे आजच मांडत आहेत. त्या आराखड्यांत स्त्रिया मोजलेल्या आहेत, पण विचारलेल्या नाहीत. आणि न विचारता मोजलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सुरुवात शुक्रापासून करू. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला जी ठळक चांदणी दिसते, ती शुक्राची. चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात तिच्याइतकं तेजस्वी काही नाही. जवळ गेलं तर मात्र चित्र पालटतं. पृष्ठभागाचं तापमान सुमारे 465 अंश सेल्सियस, म्हणजे शिसं वितळेल इतकं. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त, हवा जवळपास सगळी कार्बन डाय-ऑक्साइडची, आणि वर गंधकाम्लाचे ढग. 1982 साली सोव्हिएत रशियाचं ‘व्हेनेरा-13’ हे यान तिथे उतरलं आणि 127 मिनिटं टिकलं. तो मोठा विक्रम समजला गेला.

या ग्रहाची एक गंमत आहे. तिथल्या डोंगर-विवरांना नावं द्यायची ती स्त्रियांची, असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रज्ञांचा नियम आहे. अपवाद अगदी थोडे. त्यामुळे शुक्रावर सुमारे 34 किलोमीटर रुंदीचं एक विवर आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचं आहे. एक पंडिता रमाबाईंच्या नावाचं आहे. आणि एक आहे मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळणाऱ्या, बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावाचं. नावं दिली याचा आनंद आहेच. पण जिथे कोणी जगू शकत नाही तो ग्रह बायकांच्या नावाने, आणि जिथे राहायला जायचं ठरतंय तिथल्या निर्णयांत बाई शोधावी लागते, हेही लक्षात ठेवू.

आता आराखड्यांकडे वळू. शुक्राच्या पृष्ठभागापासून सुमारे 50 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब पृथ्वीसारखा होतो. 2014 च्या सुमारास अमेरिकेच्या नासामधल्या काही अभियंत्यांनी तिथे तरंगत्या हवाई जहाजातून दोन माणसांना महिनाभर ठेवता येईल का, याचा अभ्यास केला. तो अभ्यासापुरताच राहिला. 2023 साली टायटन या पाणबुडीच्या दुर्घटनेत पाच जणांचा अंत झाला. ती चालवणाऱ्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, गिलेर्मो झोनलाइन, यांनी कंपनी बरीच आधी सोडली होती. त्याच वर्षी त्यांनी सांगितलं की 2050 पर्यंत शुक्राच्या हवेत एक हजार माणसं राहावीत असं त्यांना वाटतं.

मंगळाचे बेत याहून मोठे. तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्काही दाट नाही, मातीत विषारी क्षार आहेत, किरणोत्सर्ग अडवणारं वातावरण नाही. सूर्यास्त मात्र निळा दिसतो. 2013 साली ‘मार्स वन’ नावाच्या डच उपक्रमाने लोकांकडून अर्ज मागवले. अट अशी की परतीचं तिकीट नाही. 2015 साली त्यांनी शंभर जण निवडले, पन्नास पुरुष आणि पन्नास स्त्रिया. 2019 साली कंपनीचं दिवाळं निघालं. इलॉन मस्क यांनी 2020 साली आकडा सांगितला तो 2050 पर्यंत दहा लाख माणसांचा.

ही पन्नास-पन्नासची वाटणी पाहून बरं वाटतं ना? समानता आली असं वाटतं. पण जरा थांबून विचार करू. चंद्रावर जाऊन परत येणं ही मोहीम झाली. वसाहत म्हणजे तिथेच पिढी वाढली पाहिजे. म्हणजे वसाहत म्हटली की बाळंतपण आलं, आणि बाळंतपण आलं की बाई आली. दहा लाखांचा आकडा नुसत्या यानांनी गाठता येत नाही. तो कोणाच्या तरी पोटी जन्मावा लागतो.

या बाबतीत विज्ञानाला काय माहीत आहे? फारच थोडं. आजवर एकाही मुलाचा जन्म अंतराळात झालेला नाही, आणि गरोदर स्त्रीला नासा अंतराळात पाठवत नाही. मंगळावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 38 टक्के. त्यात गर्भाची हाडं, हृदय कसं घडेल, बाईचं बाळंतपण कसं होईल, हे कोणी पाहिलेलं नाही. तरीही 2018 साली एका डच कंपनीने जाहीर केलं की 2024 पर्यंत एका स्त्रीचं बाळंतपण आम्ही पृथ्वीच्या कक्षेत करवू. नैतिक आणि वैद्यकीय आक्षेपांमुळे 2019 साली त्यांनी तो बेत स्थगित केला. म्हणजे प्रयोग व्हायचा होता तो बाईच्या देहावर, आणि बातमी व्हायची होती ती मानवजातीच्या झेपेची.

याला जुना इतिहास आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत इंग्रज पुरुष टिकेनात, तेव्हा 1620 आणि 1621 साली कंपनीने लग्नासाठी तरुण मुली जहाजाने पाठवल्या. त्यांच्या प्रवासखर्चापोटी नवऱ्याने 120 ते 150 पौंड तंबाखू द्यायची. 1663 ते 1673 या काळात फ्रान्सच्या राजाने कॅनडातल्या वसाहतीत सुमारे आठशे मुली हुंडा देऊन पाठवल्या. दहा मुलं असणाऱ्या बापाला सरकारी भत्ता मिळे. बापाला, हे ध्यानात घ्या. आणि ज्या जमिनीला ही मंडळी रिकामी म्हणत होती, तिथे मूळचे लोक राहत होतेच.

आपल्याकडून गेलेल्यांचंही तेच झालं. गिरमिटिया मजूर म्हणून मॉरिशसला जी माणसं नेली, त्यांत कोकणातलीही होती. तिथला मराठी समाज त्यांचाच वंशज. पुढे नियम आला की शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्याच. हा आकडा बायकांच्या सोयीसाठी नव्हता, मळ्यांच्या सोयीसाठी होता. फिजीमध्ये कुंती नावाच्या मजूर बाईला मळ्यात एकटीला कामाला लावलं. मुकादमाच्या हातून सुटण्यासाठी तिने नदीत उडी घेतली. तिची हकीकत हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रात छापून आली, गिरमिट पद्धतीविरुद्धच्या लोकमताला धार आली, आणि 1917 साली नवी भरती थांबली. एका बाईच्या तोंडून बाहेर आलेल्या हकीकतीत केवढं बळ असतं पाहा. पण ती हकीकत बाहेर येऊ शकली, कारण फिजीहून बोटी येत-जात होत्या.

आता कर्जाचा मुद्दा. मंगळावर जायला पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल आणि तिथे कामं भरपूर असतील, असं मस्क यांनी जानेवारी 2020 मध्ये लिहिलं. आपल्या भाषेत याला उचल म्हणतात. मराठवाड्यातली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला तर दंड. पाळी आली, पोटात दुखलं, म्हणून थांबता येत नाही. 2019 साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर स्त्रियांची माहिती घेतली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कर्ज, कंपनीचं काम आणि दूरची वस्ती एकत्र आली की बाईच्या गर्भाशयाचा निर्णय तिच्या हातात राहत नाही. एका ठिकाणी तो काढून टाकला जातो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याकडून आकडा मागितला जाईल. आणि मंगळावर तर श्वासही कंपनीच्या टाकीतला असेल. तिथे संप कसा करायचा?

बंद जागेत बाईचं काय होतं, याचा एक दाखला. 1999 साली मॉस्कोमध्ये अंतराळ स्थानकासारख्या बंद कक्षात माणसांना कित्येक महिने ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यात कॅनडाच्या ज्युडिथ लापिएर या आरोग्यशास्त्रज्ञ होत्या. नववर्षाच्या आदल्या रात्री गटप्रमुखाने आपल्याला कॅमेऱ्याच्या नजरेआड ओढून जबरदस्तीने चुंबन घेतलं, अशी तक्रार त्यांनी केली. त्यावर हा संस्कृतीतला फरक आहे, असं सांगण्यात आलं. त्यांनी आपले 110 दिवस पूर्ण केले. पण त्या दाराबाहेर निदान मॉस्को शहर होतं. मंगळाच्या दाराबाहेर काय असेल? पृथ्वीवरून तिथे जायला सोयीची वेळ साधारण 26 महिन्यांतून एकदा येते. आमच्या समुपदेशन केंद्रात लांब दिलेली मुलगी आली की आम्ही पहिल्यांदा विचारतो, निघायला भाड्याचे पैसे जवळ आहेत का, कागदपत्रं कोणाच्या ताब्यात आहेत? हाच प्रश्न इथे लागू आहे.

दाद मागायची तरी कोणाकडे? 1967 च्या अंतराळ कराराप्रमाणे कोणताही देश ग्रहावर मालकी सांगू शकत नाही, आणि खासगी कंपन्यांच्या अंतराळातल्या कामाची जबाबदारी त्यांच्या देशाच्या सरकारवर असते. पण 2020 साली मस्क यांच्या कंपनीच्या इंटरनेट सेवेच्या अटींत एक कलम होतं. मंगळ हा स्वतंत्र ग्रह आहे, पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारची तिथे सत्ता नाही, आणि तंटे तिथल्या तिथे स्वशासनाने मिटवले जातील, असा त्याचा आशय. घरातली भांडणं घरात मिटवा, हे वाक्य आपण किती पोलीस चौक्यांत ऐकलंय! ‘घरात’ म्हणजे ज्याच्या हातात घर आहे त्याच्या मर्जीने.

घरावरून कामाचंही बोललं पाहिजे. 1991 ते 1993 अशी दोन वर्षं अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये चार स्त्रिया आणि चार पुरुष ‘बायोस्फिअर-2’ या काचेच्या बंद घरात राहिले. त्यांचा बहुतेक वेळ कशात गेला? धान्य पिकवणं, रांधणं, जनावरं सांभाळणं, साफसफाई, दुरुस्ती यांत. हवेतला प्राणवायू घटत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला, तेव्हा बाहेरून भरावा लागला. म्हणजे परग्रहावरची वसाहत हे मूलतः एक घरकाम आहे. हवा, पाणी, अन्न, मैला, आजारपण, मूल. झेंडा रोवण्याचं काम एका दिवसाचं, बाकी सगळे दिवस याच कामाचे. ही कामं कोण करणार आणि त्यांना काम म्हणणार की नाही, हे तिथे पोचल्यावर ठरवायचं म्हटलं तर कसं ठरेल, ते आपण जाणतो.

माझं म्हणणं चुकीचं समजू नका. मी विज्ञानाच्या विरोधात नाही. 1963 साली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात गेली. आपली कल्पना चावला तर दुसऱ्या फेरीतून परतताना, 2003 साली, गेली. 2019 च्या मार्चमध्ये दोन स्त्रियांनी मिळून अंतराळ स्थानकाबाहेर पडायचं होतं, पण त्यांच्या मापाचा पोशाख एकच तयार होता, म्हणून ते ऑक्टोबरपर्यंत लांबलं. असे अडथळे पार करून मुली जातील आणि जावं. आनंदीबाईसुद्धा 1883 साली घरदार सोडून समुद्रापार गेल्याच होत्या. पण त्या शिकायला गेल्या होत्या, आणि परत येण्यासाठी गेल्या होत्या.

म्हणून चार मागण्या मांडते. एक, परतीची वाट आणि तिचा खर्च आधी ठरला पाहिजे. दोन, हवा आणि पाणी मजुरीशी किंवा कर्जाशी बांधता कामा नये. तीन, मूल हवं की नको हे ज्या बाईच्या पोटी ते येणार तिनेच ठरवायचं, आणि कोणत्याही करारात त्याचा आकडा नसावा. चार, तक्रार ऐकणारी यंत्रणा कंपनीच्या बाहेरची असावी आणि तिच्यात स्त्रिया असाव्यात.

यातली एकही मागणी फक्त मंगळासाठी नाही. ऊसतोडीचा तळ, वीटभट्टी, परदेशात घरकामाला नेणारे दलाल, यांना हेच चार प्रश्न विचारता येतात. जेवणानंतर गटचर्चा आहे. प्रत्येक गटाने आपल्या भागातली अशी एक जागा निवडावी आणि या चारांपैकी किती गोष्टी तिथल्या बाईच्या हातात आहेत, ते लिहून आणावं.