गाठ आतून लाल आहे का?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. मागे बसलेल्या आईवडिलांचं जरा जास्त, कारण प्रॅक्टिकलच्या वह्या तुम्ही भरल्यात, पण फी त्यांनी भरलीय.

एका जुन्या प्रयोगापासून सुरुवात करतो. 1972 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी क्लेबसिएला जिवाणूतली नत्र स्थिर करणारी ‘निफ’ जनुकं ई. कोलायमध्ये नेऊन बसवली. जन्मात कधी हे काम न केलेला ई. कोलाय हवेतला नत्र वापरू लागला. अर्थात ऑक्सिजन नसेल तिथेच. आता गहू-ज्वारी आपलं खत आपणच तयार करणार, अशी स्वप्नं तेव्हा रंगली. पन्नास वर्षं उलटून गेली. गव्हाला आपण अजून युरियाच टाकतो.

जनुक अंगात असलं म्हणजे झालं असं नाही. ते कुठे, केव्हा आणि कशामुळे चालू होतं, यावर सगळं अडतं. आपल्या सोयाबीनचंच बघा. मूळ मातीत जेनिस्टीनसारखी फ्लेव्होनॉइड रसायनं सोडतं. सोयाबीनला नत्र पुरवणाऱ्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूतलं नॉड-डी प्रथिन ती ओळखतं आणि मगच बाकीची ‘नॉड’ जनुकं चालू होतात. जिवाणू उलट रेणू पाठवतो, त्याला प्रतिसाद म्हणून मूळरोम वाकडा होतो, जिवाणू आत शिरतो, मुळावर गाठ धरते. या दोघांची खूण पटली नाही तर दार उघडत नाही. म्हणूनच बियाण्याला चोळायच्या जिवाणूंचं, म्हणजे संवर्धकाचं, हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही, हे शेतकऱ्याला सांगताना ‘कंपनीने लिहिलंय म्हणून’ असं सांगू नका. कारण सांगा. त्याला ते कळतं.

गाठीच्या आतली गोष्ट तर आणखी अवघड. नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं, आणि जिवाणूला जगायला ऑक्सिजन तर लागतोच. वनस्पतीने यावर तोडगा काढलाय लेगहिमोग्लोबिनचा. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजून-मापून पुरवतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदांपैकीच ते, म्हणून चालू गाठ नखाने फोडली की आत लालसर-गुलाबी दिसते. पांढरी निघाली तर ती नुसती जागा अडवून बसलीय. जनुक चालू आहे की बंद, हे उघड्या डोळ्यांनी, प्रयोगशाळेशिवाय दाखवणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. ही त्यांतली एक.

आणि ज्या शेतात युरियाची गोणी सढळ हाताने रिकामी होते, तिथे सोयाबीन गाठी धरायलाच कुचराई करतं. मातीत आयता नायट्रेट असताना ते आपली साखर जिवाणूंवर कशाला खर्च करील? अर्थशास्त्र झाडालाही कळतं, असं म्हणावंसं वाटतं.

गाठीबाहेर मुक्त राहून नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचंही तसंच. अमोनिया मुबलक असला की निफ जनुकं बंद. यावर अमेरिकेत एक युक्ती केली गेली. मक्याच्या मुळाशी राहणाऱ्या क्लेबसिएला व्हेरिकोलामध्ये निफ-एल हे बाकीच्या निफ जनुकांना दाबून ठेवणारं जनुक संपादनाने काढून टाकलं, म्हणजे खत असतानाही काम चालू राहावं. 2019 पासून हे जिवाणू तिथे विकले जातात. कल्पना देखणी आहे. पण विद्यापीठांच्या शेतचाचण्यांत फायदा सगळीकडे सारखा दिसलेला नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. फ्लास्कमध्ये जिवाणू एकटा असतो. रानात त्याच्या आधीपासून कोट्यवधी गाववाले बसलेले असतात.

आता जरा कटू बोलतो. तुमच्यातले पुष्कळजण संवर्धकांच्या उद्योगात जातील. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या रायझोबियम (गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या) संवर्धकात दर ग्रॅममागे किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत. कारखान्याच्या दाराशी ते असतीलही. मग पाकीट टेम्पोत चढतं, पत्र्याच्या दुकानात मे महिना काढतं, आणि जूनमध्ये शेतकरी बुरशीनाशकासोबत एकाच घमेल्यात ते बियाण्याला चोळून उन्हात वाळवतो. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी आणि वाळवणं सावलीत, हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. पीक आलं नाही की दोष जिवाणूला! तुम्ही जनुकांचं अनुक्रमण करा, संपादन करा, शोधनिबंध लिहा. पण जिवंत पेशी पेरणीपर्यंत जिवंत ठेवण्याचा प्रश्न कमी प्रतीचा समजू नका. त्याला पारितोषिकं मिळत नाहीत, एवढंच.

जनुकांची उपमा माणसाला लावून तुमच्यातल्या सुप्त गुणांबद्दल बोलण्याचा मोह मी टाळतोय. त्याऐवजी एक काम सांगतो. येत्या खरिपात, सोयाबीन फुलावर आलं की, वाफसा बघून कुठल्याही रानात जा. रोप उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढा, पाण्यात धुवा. आतून लाल किती, पांढऱ्या किती, मोजा, आणि तो आकडा संवर्धकाच्या पाकिटावरच्या लॉट नंबरसमोर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पाकीट घेताना दुकानदाराशी बोलायला तो शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.