स्वागताध्यक्षांचे भाषण

गणिताच्या आणि अन्नप्रक्रियेच्या जाणकार पाहुण्यांनो,

युसूफ वडगावात आपले स्वागत. केज तालुक्यातल्या या गावात उपयोजित गणिताची परिषद म्हटल्यावर आमच्याच पाहुण्यारावळ्यांनी दोनदा पत्रिका वाचली. पण भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड म्हणजे आमचे बीडच, असे काही अभ्यासक मानतात. खानदेशवाल्यांना ते मान्य नाही. आज मंडप आमचा आहे, म्हणून मीही मानतो. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त एक वाटसरू वाण्याला १३ काकिणींत दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग मागतो. खिचडीचेच गणित! पुढे ११८८ मध्ये मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू' झाला. त्यांची समाधी शेजारी अंबाजोगाईला. दासोपंतांची पासोडीही तिथलीच. विषयाशी संबंध विचारू नका, स्वागताध्यक्षाला एवढी मुभा असते.

मला खरे सांगायचे ते आमच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याविषयी. त्याचे नाव कुठल्याच स्मरणिकेत आले नाही. भेंडीच्या पाण्याने मळी वर आणायची, जाळव्याला नुसत्या नजरेने जाळ कमी करायला लावायचा आणि पाक गार पाण्यात टाकून गोळी बघायची, एवढीच त्याची प्रयोगशाळा. कॉलेजातल्या एका पोराने त्याला हिशेब मांडून दाखवला: १०० किलो रसात २० किलो घन असेल, गुळात ५ टक्के पाणी ठेवले, तर गूळ २१ किलो, बाकी ७९ किलो पाण्याची वाफ. गुळव्या म्हणाला, "आन् मळी कोन धरनार?" पोराने वही मिटली नाही, मळीचा रकाना वाढवला. मला दोघांचाही अभिमान आहे.

बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण गर तापवला की कडवट होतो. किती अंशावर किती वेळ, हे तुम्ही दोन दिवसांत काढून द्या, म्हणजे आमचा खर्च वसूल.

आता माफी. वीज गेली तर जनरेटर आहे, तो सुरू व्हायला जरा वेळ घेतो. निवासाची सोय अंबाजोगाईला करावी लागली. खुर्च्या तीन गावांतून आल्यात, रंग जुळत नाहीत. टँकर देणारे, ज्वारीची पोती पाठवणारे, मंडपाचे भाडे न घेणारे, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या आयाबहिणी, सगळ्यांचे आभार. कुणी राहिले असेल तर रुसू नये, चिठ्ठी पाठवावी; संध्याकाळी वाचतो. मुक्कामाची गाडी शाळेच्या फाटकापाशी उभी आहे, आणि पिठले गरम आहे तोवर पंगतीला बसा.