उडत्या तबकड्या आणि त्या पाहणारी माणसे



उडत्या तबकड्यांवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्या खऱ्या की खोट्या? आज हा प्रश्न मी बाजूला ठेवणार आहे. तबकडीची चौकशी पुष्कळांनी केली. ती पाहणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, हे फार थोड्यांनी विचारले. मला त्या माणसाविषयी बोलावयाचे आहे.

केनेथ अर्नोल्ड हे अमेरिकेतील अग्निशामक साहित्याचे व्यापारी. स्वतःचे लहानसे विमान ते स्वतःच चालवीत. २४ जून १९४७ रोजी माउंट रेनिअर या पर्वताजवळ नऊ चकाकणाऱ्या वस्तू विलक्षण वेगाने जाताना त्यांना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची गती होती, असे त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांनी गतीची उपमा आकाराला चिकटवली आणि ‘उडती बशी’ जन्मास आली. तिलाच आपण तबकडी म्हणू लागलो. अर्नोल्ड यांचे स्वास्थ्य मात्र गेले. एका उपाहारगृहात एक बाई आपल्याला पाहून किंचाळत बाहेर पळाली, असे त्यांनीच वार्ताहरांना सांगितले. ज्या माणसाने घड्याळ लावून त्या वस्तूंचा वेग मोजला होता, तो चार दिवसांत मंगळावरची माणसे पाहून आलेला विक्षिप्त ठरला!

दुसरे उदाहरण याहून करुण आहे. १७ एप्रिल १९६६ च्या पहाटे ओहायो राज्यातील पोर्टेज परगण्यात दोन पोलीस अधिकाऱ्यांना आकाशात एक तेजस्वी वस्तू दिसली. त्यांनी मोटारीतून तिचा पाठलाग केला, तो थेट शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यापर्यंत, सुमारे ८५ मैल! वाटेत दुसऱ्या गावांच्या दोन पोलिसांनीही ती पाहिली. हवाई दलाने निर्णय दिला की, या मंडळींनी आधी कृत्रिम उपग्रह पाहिला आणि मग शुक्राची चांदणी. निर्णय बरोबर असेल वा चूक असेल. पण त्यानंतर वार्ताहरांचा ससेमिरा आणि लोकांची कुचेष्टा सुरू झाली. वर्ष सरण्यापूर्वीच त्यांपैकी एकाची नोकरी सुटली, संसार मोडला. दुसऱ्याने राजीनामा देऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाचे सिअ‍ॅटल शहर गाठले आणि तो बस चालवू लागला.

विचार करा. ज्या पोलिसाच्या साक्षीवर न्यायालय एखाद्याला तुरुंगात धाडते, त्याचीच साक्ष आकाशाकडे बोट दाखवताच कवडीमोल होते! हसणारे त्याला वेडा म्हणतात, आणि भाविक त्याला परग्रहाचा दूत करू पाहतात. तो बिचारा एवढेच म्हणत असतो की, ‘मला काहीतरी दिसले, ते काय होते, ठाऊक नाही.’ एवढे साधे वाक्य ऐकून घेण्याची दोघांचीही तयारी नसते. पाहिले नाही म्हणावे तर असत्य, पाहिले म्हणावे तर फजिती, अशा कात्रीत तो सापडतो.

साक्ष कशी ऐकावी, याचा वस्तुपाठ इतिहासात आहे. आकाशातून दगड पडतात, असे खेडूत सांगत, तेव्हा पुष्कळ विद्वान त्यांना हसत. १८०३ साली फ्रान्समधील लेगल गावाभोवती दगडांचा वर्षाव झाला. बिओ नावाचा तरुण शास्त्रज्ञ तेथे गेला. त्याने गावोगाव साक्षी घेतल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, दगड तपासले. आणि उल्कापाषाण शास्त्रात मान्य झाले. त्याने खेडुतांवर अंधविश्वास ठेवला नाही आणि त्यांची टवाळीही केली नाही.

टवाळीची किंमत केवळ साक्षीदारच देतो असे नाही. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ हकीकती नोंदवल्या. त्यांतील ७०१ चा उलगडा झाला नाही. पण हसे होईल म्हणून ज्यांनी तोंडच उघडले नाही, त्यांची गणती कोण करणार? या लोकलज्जेमुळे माहिती दडून राहते, असे नासाने नेमलेल्या अभ्यासमंडळालाही २०२३ साली नमूद करावे लागले.

म्हणून माझी विनंती एवढीच : उद्या कोणी असे काही सांगू लागला, तर विश्वास ठेवण्याची घाई नको, हसण्याचीही नको. केव्हा, कोणत्या दिशेला, किती वेळ, हे शांतपणे विचारा. ती वस्तू शुक्राची चांदणी निघेलही. पण सांगणाऱ्याचे घर त्यापायी उद्ध्वस्त होता कामा नये.