घराची जमीन कशी राखावी

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी जमिनीबद्दल बोलणार आहे. पण ही जमीन शेताची नव्हे. सातबाऱ्यावरची नव्हे. ही घरातली जमीन. जिच्यावर आपण जेवतो, निजतो, जिच्यावर तान्हे मूल रांगते, ती जमीन.

शेताच्या जमिनीची तुम्हांला पारख आहे. काळी कोणती, मुरमाड कोणती, पाणथळ कोणती, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. काळ्या रानातले पीक मुरमाड रानात कोणी घेत नाही. घरातल्या जमिनीचेही तसेच आहे बघा. मातीची जमीन निराळी, कोबा निराळा, शहाबादी फरशी निराळी, चकचकीत टाइल्स निराळ्या. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. जे एकीला मानवते ते दुसरीला मानवत नाही. म्हणून आधी जमीन ओळखावी, मग तिला हात लावावा. आजच्या बोलण्याचे सार एवढेच.

आधी केरसुणी

जमीन कसलीही असो, पहिले काम केरसुणीचे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. गाडगेबाबा तर गावात आले की आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. बाबा १९५६ साली गेले. पण खराट्याचे काम हलके नाही, हे ते सगळ्यांना शिकवून गेले.

झाडण्याचीही रीत आहे. केरसुणी आपटू नये, जमिनीला धरून ओढावी. आपटली की धूळ उडते. ती भांड्यांवर बसते, अन्नात पडते. घरात कोणाला दमा असेल तर त्याचा जीव घाबरा होतो. मातीच्या जमिनीवर आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा, म्हणजे धूळ उडत नाही. फरशी असेल तर झाडल्यावर ओल्या फडक्याने पुसावी. पुसताना बादलीतले पाणी गढूळ झाले की बदलावे. नाहीतर एका खोलीतली घाण आपण दुसऱ्या खोलीत नेऊन पसरतो.

मातीची जमीन

आता मातीच्या जमिनीकडे वळू. जमीन मातीची आहे म्हणून कोणी लाजू नये. नीट राखलेली मातीची जमीन उन्हाळ्यात गार आणि थंडीत सोसवेल अशी असते. मात्र तिची मेहनत मोठी.

तिचे पहिले दुखणे म्हणजे खड्डे आणि भेगा. खड्ड्यात पाणी साचते, केर अडकतो. भेगेत पिसवा होतात, विंचू लपतो. खड्डा दिसला की लगेच बुजवावा. आतली सुटी माती खरवडून काढावी. पाणी शिंपडावे. मुरूम आणि चाळलेली माती थोडी थोडी घालून चोपण्याने चोपावी. एकदम सगळी भरून वर चोपली तर ती आत पोकळ राहते आणि महिन्याभरात पुन्हा खचते. उंदराचे बीळ असेल तर आधी आत दगडाचे तुकडे ठासावेत, मग माती भरावी.

दुसरे काम सारवणाचे. शेण ताजे घ्यावे, आजारी जनावराचे घेऊ नये. त्यात थोडी चाळलेली माती घालून पातळ कालवावे. थर पातळच हवा. जाड थराचे वाळल्यावर पोपडे निघतात. आतल्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे यावे, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. पावसाळ्यात उघडीप बघून सारवावे. वाळले नाही तर वास येतो आणि बुरशी धरते.

आयाबायांनो, इथे एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. सारवण पूर्ण वाळेपर्यंत तान्हे मूल त्यावर सोडू नका. हाताला चीर पडली असेल, जखम असेल, तर त्या दिवशी सारवण दुसऱ्याला करू द्या. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. आणि बाळाच्या नाळेला शेण, माती, राख कधीही लावू नका. गरोदर बाईला धनुर्वाताची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती चुकवू नका.

मातीच्या जमिनीतून मुलांच्या पोटात जंतही जातात. मेक्सिको नावाच्या देशात एका राज्याने २००० सालापासून गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंट घालून दिले. पुढे तपासणी झाली. त्या घरांतल्या लहान मुलांचे जंत आणि जुलाब पुष्कळ कमी झालेले आढळले. तेव्हा ऐपत होईल तसा निदान स्वयंपाकाच्या आणि मुलांच्या जागी कोबा करून घ्यावा. तोवर मुलाला गोधडीवर नाहीतर चटईवर खेळवावे, आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवू नये.

सिमेंटचा कोबा

कोबा करायचा तर एक ध्यानात ठेवा. सारवलेल्या जमिनीवर नुसता सिमेंटचा हात फिरवून कोबा होत नाही. खालची माती हलते आणि वरचे सिमेंट पापडासारखे सुटते. आधी सारवण खरवडून काढावे. मुरूम आणि खडी घालून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून खालचा थर घट्ट करावा. मगच सिमेंट घालावे.

नवा कोबा किमान सात दिवस ओला ठेवावा. दहा दिवस ठेवला तर उत्तम. कडेने मातीचे आळे करून पाणी साठवावे, नाहीतर ओली पोती अंथरावीत. पुष्कळ जणांना घाई असते. दुसऱ्या दिवशी कोबा कडक दिसला की पाणी थांबवतात. मग वर्षभरात झाडताना त्यातून पांढरी भुकटी निघू लागते. दोष सिमेंटला देतात. पण सिमेंटला ताकद येते ती पाण्याने. पिकाला वेळेवर पाणी दिले नाही, तर त्यात बियाण्याचा काय दोष?

कोब्याला भेग पडली तर ती छिन्नीने थोडी रुंद करावी, झाडून धुवावी आणि ओली असतानाच एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांचा माल भरावा. तोही काही दिवस ओला ठेवावा. रोजच्या सफाईला झाडणे आणि पुसणे पुरते. कोब्यावर शेण सारवू नये. ते धरत नाही, त्याची नुसती धूळ होते.

शहाबादी आणि दुसरे दगड

शहाबाद हे गाव कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथल्या फरशीला ते नाव पडले. काळा कडप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानातला. गावे लांब लांब, पण या तिन्ही दगडांची जात एकच. ते चुन्याचे दगड आहेत. संगमरवरही चुन्याचाच. ही जात ओळखली की अर्धे काम झाले.

घरी एक प्रयोग करून बघा. अंड्याचे कवच वाटीत ठेवा आणि त्यावर लिंबू पिळा. थोड्या वेळात बारीक बुडबुडे येऊ लागतील. कवचात चुना असतो, आणि आंबट रस तो चुना खातो. शहाबादी फरशीवर लिंबू, चिंच, ताक सांडले तर तेच होते. म्हणून सांडले की लगेच पाण्याने पुसून घ्यावे. नाहीतर तिथे फिका डाग उरतो, आणि तो घासून जात नाही. कारण तो मळ नसतो. तिथला दगडच झिजलेला असतो.

लिंबाने एवढे होते, मग ॲसिडने काय होईल? मला एका लग्नघरी सुनेने विचारले, "गुरुजी, फरशी पार काळी पडलीय. पाहुणे यायच्या आत ॲसिड टाकू का?"

मी म्हटले, "सूनबाई, आधी एक कोपरा घासून बघ. अर्धी बादली कोमट पाणी, मूठभर धुण्याचा सोडा आणि नारळाचा काथ्या घे. हातांना पिशवी बांध, सोड्याने कातडी निघते."

तिने घासले, स्वच्छ पाण्याने दोनदा धुतले, आणि कोपरा उजळला. काळेपण दगडाचे नव्हते. वर्षानुवर्षे बसलेल्या तेलाचे आणि धुराचे होते. ॲसिड टाकले असते तर फरशी पहिल्या दिवशी स्वच्छ दिसली असती, पण खरबरीत झाली असती. खरबरीत फरशी दुप्पट मळ धरते. मग पुन्हा ॲसिड, पुन्हा खरबरीतपणा. हे चक्र थांबत नाही.

ताजे तेल सांडले तर त्यावर आधी कोरडे पीठ किंवा चाळलेली राख पसरावी. तिने तेल शोषले की झाडून काढावे, मग सोड्याने धुवावे. फरश्यांच्या सांध्यातले सिमेंट निघाले तर लगेच भरून घ्यावे. त्या फटीतून मुंग्या येतात आणि पाणी खाली मुरते.

टाइल्स

आता नव्या घरकुलांत टाइल्स बसवतात. टाइल ॲसिडला पुष्कळ दाद देत नाही, हे खरे. पण दोन टाइलींच्या सांध्यात सिमेंट असते. ॲसिड ते खाते. मग पाणी आत जाते, टाइल खालून सुटते आणि बोटाने वाजवली तर पोकळ वाजते. टाइल्सना थोडे साबणाचे पाणी आणि मागून स्वच्छ पाणी पुरे. साबण राहिला तर त्यावर मळही बसतो आणि पायही घसरतो.

घसरण्याचे फार सांभाळा. चकचकीत टाइलवर पाण्याचा थेंब दिसत नाही. म्हातारे माणूस पडले तर खुब्याचे हाड मोडते, आणि त्या वयात ते दुखणे माणसाला अंथरुणाला खिळवते. फरशी पुसल्यावर कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. न्हाणीच्या दाराशी गोणपाट टाका. घरातल्या आजी-आजोबांना सांगा, "थांबा, जमीन ओली आहे."

दोन बाटल्यांचे विष

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर तुम्ही बघितली आहे. तीच ब्लिचिंग पावडर. पुष्कळ घरांत शौचालय साफ करण्याचे ॲसिडही असते. कोणाला वाटते, दोन्ही मिसळली तर सफाई दुप्पट होईल. असे कधी करू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. डोळे झोंबतात, छाती भरून येते, फुप्फुसांना इजा होते. न्हाणीघर बंद असेल तर जीवही जातो.

चुकून असे झाले तर पुसत बसू नका. लगेच मोकळ्या हवेत या. डोळे झोंबत असतील तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

ॲसिड सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेले मूल बाटली बघते, आत काय आहे ते बघत नाही. मुलाने ॲसिड प्यायले तर त्याला ओकायला लावू नका. ओकताना ते पुन्हा घसा जाळते. तोंड पाण्याने धुवून तडक दवाखाना गाठा.

मंडळी, काल-परवापर्यंत तुम्हांला बाटलीवरचे अक्षर कळत नव्हते. दुकानदार सांगेल ते खरे, असे होते. आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. फरशी आणि शौचालय साफ करायच्या जेवढ्या बाटल्या नि पुड्या घरात असतील, तेवढ्या काढा. त्यांवर काय लिहिले आहे ते वाचा. छापील अक्षर बारीक असेल तर पोराबाळांची मदत घ्या. जिच्यावर काहीच लिहिलेले नाही, तिच्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत 'विष' असे लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.

पुढच्या वर्गाला येताना सांगा, तुमच्या घरात काय काय सापडले. आणि तुमच्या घरातली जमीन कोणत्या जातीची, तेही सांगा.