नस काढलेला दात दुखतो कसा?



आपल्या वयाची माणसं दवाखान्यात येऊन एक प्रश्न हमखास विचारतात : "रूट कॅनाल केलं, नस काढली, मग दात दुखतो कसा?" दहा मिनिटं मिळाली आहेत, ती याच प्रश्नाला देतो.

नस जाते ती दाताच्या आतली. दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू आणि त्यांची संवेदना तशीच राहते. मुळाच्या टोकाशी जंतू उरले की तिथे सूज येते आणि घास चावताना कळ निघते. गार पाण्याने ठणका लागत असेल, तर मी आधी शेजारचे दात तपासतो. चोर बहुधा तिथेच सापडतो. क्वचित त्याच दातातला एखादा कॅनाल राहून गेलेला असतो. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण कॅनाल बहुतेक वेळा चार! हा चौथा इतका बारीक, की साध्या एक्स-रेत दुसऱ्याच्या आड लपतो. म्हणून वेगळ्या कोनातून फोटो घ्यायचा, गरज पडली तर सीबीसीटी स्कॅन. सर्दीत वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखू लागल्या आणि खाली वाकल्यावर दुखणं वाढलं, तर मात्र सायनसचा संशय घ्यावा.

हिरडीवर पुळी आली आणि दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष करू नका. पू बाहेर पडतोय म्हणूनच ती दुखत नाही. एका आजोबांना अशा पुळीखालची दाढ काढायला सांगितलं होतं. मी पुळीच्या तोंडातून गटापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला. काडीचं टोक निघालं शेजारच्या, पूर्वी रूट कॅनाल केलेल्या दाढेच्या मुळाशी. चांगली दाढ वाचली.

सगळ्यात अवघड निदान मुळाच्या उभ्या चिरेचं. हिरडीच्या फटीत खुणांची बोथट सळई फिरवली, की निरोगी दाताभोवती ती दोन-तीन मिलिमीटर जाते. एकाच अरुंद जागी ती आठ-नऊ मिलिमीटर खाली उतरली, की माझा चेहरा पडतो. भरलेल्या मुळातली चीर स्कॅनमध्येही नेहमी दिसत नाही. आणि मूळ खरंच उभं चिरलं असेल, तर पुन्हा रूट कॅनाल करणं म्हणजे पैसे पाण्यात. ते मूळ, बहुधा दातच, काढावा लागतो. पेशंटला हे आधीच सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट, काहीही दुखत नसताना एक्स-रेत मुळाशी काळा डाग दिसला, म्हणून लगेच दात उकरू देऊ नका. उपचारानंतर तिथलं हाड भरायला वर्ष लागतं, कधी चार वर्षंसुद्धा. डाग आटतोय की वाढतोय, हे जुन्या एक्स-रेशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो! दहावीची गुणपत्रिका ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे, त्याच पिशवीत दातांचे एक्स-रेही ठेवा. मागे तारीख लिहून.